माश्यांचं फूल

प्रिय भुंग्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा कुंडीत नुसती कळी होती. तू लिहिलं होतंस, बाबा, फूल उमललं की त्याच्यावर कोण कोण येऊन बसतं ते नीट बघा आणि मला कळवा. आता फूल उमललं, सुकलं, त्याच्या मागून दुसरं आलं, तिसरं आलं, तीही गेली, आणि मी आज कागद पुढे ओढलाय. मधे दोन-तीनदा बसलो होतो. पण असल्या घाणीबद्दल पोरीला काय लिहायचं, म्हणून कागद परत ठेवून दिला. त्यात माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. चुका काढत बसू नकोस, पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटपर्यंत वाच हे मुद्दाम सांगतोय.

फोन का नाही केला म्हणशील. तुमच्या डोंगरावर तो लागत नाही, आणि लागला तरी तुझी आई आधी उचलते आणि आवाज मोठा करून मधे ठेवते. तिच्यासमोर बोलता येण्यासारखं हे नाही. खाली शिंपीणबाईंच्या दुकानातून मी तुमच्या फुलांच्या संशोधन केंद्राच्या इथल्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, तातडीचं असेल तर वायरलेसवर निरोप देते, बोला, काय सांगू? मी म्हटलं, निरोप नको. परक्या बाईने ते सगळ्यांच्या देखत तुला वाचून दाखवायचं? मग त्या म्हणाल्या, सामानाची जीप वर जाणार आहे, चिठ्ठी आणून द्या. ही ती चिठ्ठी. लांबणार आहे, पण आधी फुलाचं सांगू दे. क्रमाने सांगितलं नाही तर माझा मलाच गोंधळ होतो.

तू जाताना ती कुंडी आमच्या गळ्यात बांधून गेलीस तेव्हाच मला ते झाड आवडलं नव्हतं. ना पान ना फांदी, नुसत्या चौकोनी हिरव्या कांड्या, बोटं वर करून कुणी गाडून घेतलंय असं वाटावं. तुझ्या आईने मात्र ते गॅलरीत ठेवूच दिलं नाही. तिच्या पलंगाला लागून खिडकी आहे ना, तिच्या कट्ट्यावर ठेवायला लावलं. म्हणाली, पोरगी डोळ्यांसमोर नाही, निदान तिचं झाड तरी असू दे. मी म्हटलं असू दे. मग कळी आली. कळी कसली, गळू! रोज सुजत होतं. तुझी आई कौतुकाने बघायची आणि मी चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जायचो.

आणि एक दिवस घरात वास सुटला. तू माझं नाक ओळखतेस. सगळं आयुष्य साबणाच्या कारखान्यात सुगंध मिसळायच्या खात्यात गेलं. पिंपाचं झाकण जरा किलकिलं झालं तरी मी सांगायचो, गुलाब आहे, मोगरा आहे, की मोगऱ्यात कुणी लबाडी केली आहे. तर मी नाक वर केलं आणि छातीठोकपणे म्हटलं, उंदीर मेलाय. मोठा आहे, आणि कपाटामागे आहे. कपाट ओढलं. तुझा हरवलेला कंपास सापडला, माझा एक मोजा सापडला, उंदीर नाही. पलंगाखाली वाकलो, माळा उपसला, मोरीत बॅटरी मारली. इमारतीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. म्हणाले, "काका, तुमच्याकडे काहीतरी मेलंय." मी म्हटलं, "आमच्याकडे जिवंत आहोत तेवढेच दोघं आहोत, हवं तर मोजून घ्या." ते काही हसले नाहीत. जिन्यातल्या लोकांना वास येतोय, बंदोबस्त करा, असं बजावून गेले. शेवटी शिंपीणबाई ब्लाउजचं माप घ्यायला वर आल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पदराने तोंड दाबून ओरडल्या, "अहो काका, हा बघा तुमचा उंदीर!"

फूल उमललं होतं. शी! माझ्या पंजापेक्षा मोठं, पाच टोकांचं, शिळ्या कलेजीच्या रंगाचं. त्याच्यावर आडव्या सुरकुत्या, म्हाताऱ्या कातडीसारख्या. कडेने केस. फुलाला केस! वाऱ्याने ते हलायचे तेव्हा रस्त्यात मरून पडलेल्या जनावराची लव हलते तसं दिसायचं. आणि वास तोच, कपाटामागच्या उंदराचा. मी तिथल्या तिथे मोरीत जाऊन हात धुतले, हात लावला नव्हता तरी.

तू लहान होतीस तेव्हा फुलांच्या गोष्टी मला आवडायच्या, हे मला कबूल आहे. कारखाना सुटायच्या वेळी मला घ्यायला यायचीस आणि गेटजवळच्या कुंपणाला नाक लावून तासन्‌तास उभी राहायचीस, म्हणून तर तुझं नाव भुंगा पडलं. तिथे त्या लाल नळीच्या फुलांत वाकड्या चोचीचा इवलासा पक्षी यायचा. पुढे कॉलेजात गेल्यावर तू मला शिकवलंस की ते फूल त्या चोचीच्या मापाचंच झालेलं असतं. पक्ष्याला लाल दिसतं म्हणून ते लाल, आणि पक्षी काही वासावर येत नाही म्हणून ते वासाच्या भानगडीत पडतच नाही. मी लगेच फूल हुंगलं होतं, आठवतं? खरंच काही नाही. मी म्हटलं होतं, या फुलाला आमच्या खात्यात कुणी नोकरी देणार नाही. संध्याकाळी येणाऱ्या पतंगांसाठी फूल पांढरं होतं आणि अंधारात वास सोडतं. मधमाशीसाठी पाकळीवर रेघा असतात, रस्त्यावर पट्टे मारतात तशा, इकडून या म्हणून. हे सगळं ऐकायला बरं वाटायचं. व्यवहार सरळ होता. तू माझे पराग ने, मी तुला मध देतो. दोघं खुशीत.

पण हे माश्यांचं फूल म्हणजे निव्वळ हरामखोरी आहे. तू सांगितलंस म्हणून मी बघत बसलो, नाकाला पंचा बांधून, खुर्ची लांब ओढून. पहिल्यांदा साध्या माश्या आल्या. मग त्या मोठ्या आल्या, हिरव्या, चकचकीत, खाटकाच्या दुकानात असतात त्या. एक-एक माशी त्या सुरकुत्यांतून हुंगत मधल्या खड्ड्यापर्यंत जायची, पाय अडकायचा, धडपडून सुटायची, आणि पायाला पिवळं काहीतरी घेऊन उडायची. तू लिहिलं होतंस तसंच. मग एकीने पार्श्वभाग टेकवला आणि पांढरी अंडी घालून ठेवली, तांदळाच्या कण्यांसारखी. तुझ्या आईने मला चिडवलं, "बघा, बाळंतीण आली तुमच्याकडे." मी खुर्ची आणखी मागे ओढली. दुसऱ्या दिवशी बारीक अळ्या वळवळत होत्या, आणि त्याच्या पुढच्या दिवशी त्या तिथेच वाळून गेल्या होत्या. तुझ्या पत्रात होतंच ते. फुलात खायला काही नसतं, माशीला वाटतं मेलेलं जनावर आहे, पोरांचं पोट भरेल, आणि पोरं उपाशी मरतात. तू ते किती मजेत लिहिलंयस, "किती हुशार आहे ना बाबा!" मला काही ती हुशारी वाटली नाही. आईला फसवून तिच्या पोरांना उपाशी मारायचं, याला काय हुशारी म्हणतात? आम्हीही गुलाबाची एक पाकळी न घालता साबणाला गुलाबाचा वास द्यायचो, पण त्या साबणाने अंग तरी स्वच्छ व्हायचं.

मी तुझ्या आईला म्हटलं, ही घाण आत्ताच्या आत्ता खाली टाकून येतो. तेव्हा ती जी उसळली! इतकी वर्षं संसार केला, पण माझ्यावर असा आवाज तिने चढवला नव्हता. "खबरदार झाडाला हात लावलात तर. माझ्या पोरीचं आहे." मी म्हटलं, अगं वास. तर म्हणाली, "तुमच्या नाकाला साबणाची सवय, जगाचा वास सोसत नाही." मग शिंपीणबाईंना ऐकवलं, "यांना स्वतःचं नाक शिंकरायलासुद्धा दुसरा माणूस लागतो." दोघी पोट धरून हसल्या. खरं आहे ते. तू लहानपणी ओकलीस की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो आणि सगळं आवरल्याची हाक आली की वर यायचो. माझा कप वेगळा, माझा टॉवेल वेगळा. मला किळस येते, त्याला मी काय करू? कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाला पाण्याची.

त्या फुलापायी मला तिच्या खोलीत बसवेना. आम्ही आपापल्या खोल्यांत. ती स्वयंपाकघरात यायची बंद झाली, चहा पलंगावर मागायला लागली. मला वाटलं, तू गेल्यापासून मन लागत नाही, रुसली आहे. एवढ्या उकाड्यात पायात मोजे घालून बसायची. विचारलं तर म्हणायची पाय गार पडतात. चादर बदलू का म्हटलं तर म्हणायची, मी बदलेन माझी, तुम्हाला कुठे माझी चादर चालते. मधुमेहाच्या गोळ्या घेतल्यास का विचारलं तर हो. मी दारातूनच विचारायचो. मागच्या महिन्यात फोन लागला तेव्हा तिने तुला विचारलं होतं बघ, या झाडाला अजून कळ्या येतील ना गं, किती दिवस फुलतं हे? तू किती खूश झालीस, आईला झाडाची गोडी लागली म्हणून. मीही तेच समजलो.

शेवटचं फूल गेल्या आठवड्यात गळून पडलं. मी ते चिमट्याने उचललं, कागदात गुंडाळून खाली टाकलं, कट्टा फिनेलने धुतला, कुंडीही बाहेरून पुसली. नाकावरचा पंचा काढला आणि म्हटलं, सुटलो. पण वास होताच. मी म्हटलं भिंतीत मुरला असेल. साबणाच्या पिंपांचा वास आमच्या खात्यातल्या भिंतींत असाच मुरायचा, चुना फासला तरी जायचा नाही. सेक्रेटरी पुन्हा वर आले, मी त्यांना कुंडी दाखवली, म्हटलं बघा, फूल नाही. मग मी स्वतः कुंडीत नाक घातलं. नुसता मातीचा वास. त्या कांड्यांना तर कसलाच वास नाही. माझं डोकं चालेना.

तेवढ्यात एक माशी आली. त्या हिरव्यांपैकीच. तू बघायला सांगितलं होतंस म्हणून मला आता सवयच लागली होती, मी खुर्चीत बसून बघायला लागलो. ती कुंडीच्या काठावर जेमतेम टेकली, कांडीवरून एक चक्कर मारली आणि आत येऊन तुझ्या आईच्या मोज्यावर बसली. आईने पाय झटकला. माशी उठली आणि परत तिथेच बसली. दुसरी आली, तीही तिथेच. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं आणि पायावर चादर ओढून घेतली. भुंग्या, माझ्या नाकाला जे इतके दिवस कळलं नाही ते त्या दोन माश्यांना क्षणात कळलं.

मी चादर ओढायला गेलो तर तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हातारपणी आम्ही एका चादरीसाठी झोंबत होतो. "राहू द्या हो, तुम्हाला नाही बघवणार," असं म्हणत होती. मोजा निघेना, चिकटला होता. पाणी घालून काढावा लागला. मी जास्त लिहीत नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. रंग त्याच फुलाचा, डिट्टो. मी हातातलं पाण्याचं भांडं तिथेच टाकून मोरीत पळालो आणि ओकलो. नळ सोडला होता, तरी तिला ऐकू गेलंच. परत आलो तेव्हा ती रडत नव्हती. अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नव्हतं."

नव्या चपलेचा फोड होता म्हणे. साखरेमुळे पाय बधिर, दुखलाच नाही, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. मग त्याचा रंग बदलला, आणि वास यायला लागला त्याच सुमाराला तुझी कळी फुगत होती. मी कपाटामागे उंदीर शोधत होतो तेव्हा ती पलंगावर जीव मुठीत धरून बसली होती, की आता मी पलंगाशी येणार. आणि शिंपीणबाईंनी फुलाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "मला वाटलं, सुटले. तुम्हाला वासाचं नाव सापडलं." त्या दिवसापासून ती त्या फुलाच्या आड राहिली. एक सुकलं की दुसरी कळी कधी फुगते याची वाट बघत. मी ज्या फुलाला हरामखोर म्हणत होतो ते माश्यांना फसवत होतं. घरात फसलो मी.

डॉक्टरकडे रिक्षाने नेलं. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. म्हणाल्या, ही दोन बोटं लगेच काढली तर पाय वाचेल. आणखी थांबलात तर घोट्यापासून काढावा लागेल, आणि त्यानंतर मी कसलाच भरवसा देत नाही. तुझी आई सही करत नाही. भीती कापण्याची नाही तिला, मी ओळखतो तिला. मला बाहेर जायला सांगून डॉक्टरीणबाईंना काय म्हणाली ते त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाली, "नंतर रोज पट्टी कोण बदलणार? त्यांना वास सोसत नाही हो. मी माझ्या घरात अशी पडून राहू, की माझा माणूस दारातून बोलेल?" आणि मला बजावलंय, पोरीला कळवाल तर बघा, तिचं फुलांचं काम अर्धवट टाकून ती पळत येईल.

तरी मी कळवतोय. तेवढ्यासाठीच हे पत्र. बाकी सगळं मी आधी लिहिलं ते एवढं लिहायचा धीर होईना म्हणून. ती माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. सध्या पट्टी मीच बदलतो. पहिल्या दिवशी नाकाला जुन्या अत्तराचा बोळा लावला होता, गुलाबाचा. कुजका वास आणि गुलाब एकत्र, त्याने जास्तच मळमळलं. काढून टाकला. किळस गेली म्हणालो तर खोटं होईल. रोज येते, रोज पाठ फिरवून दोन कोरड्या ओकाऱ्या काढतो आणि परत बसतो. हात थांबत नाहीत, एवढंच. हे तू तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटतं मी मन राखायला बोलतोय. आणि अजून एक, रागावू नकोस. काल झाडाला नवी कळी दिसली. तिनेही पाहिली, नुसती बघत राहिली. मी ती खुडली, तुझी परवानगी न घेता. झाड ठेवलंय, त्याला पाणी घालतो. पण या घरात आता जो वास येईल तो कसला आहे, ते मला कळलंच पाहिजे. जीप खाली येईल तेव्हा तिच्यात तू असलीस तर उत्तम. नसलीस तर आईला वाचून दाखवता येतील अशा तुझ्या हाताच्या चार ओळी त्या ड्रायव्हरबरोबर धाड, सही कर म्हणावं. वायरलेसवर सांगितलंस तरी चालेल, आता त्या बाईंना कळलं तरी मला लाज नाही. मी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसेन. उशीर करू नकोस गं, मी केला तसा.

तुझाच,
बाबा